रुमालाखालचा हात

आमचे घरमालक उजव्या हाताने कुलूप उघडत नसत. छत्री डाव्या हातात धरत. कळशी डाव्या हाताने उचलत. रस्त्यात ओळखीचे कोणी भेटले तर डाव्या हाताने टोपी सारखी करून मान हलवत. उजवा हात कोटाच्या खिशात असे. मी वाईहून सांगलीला येऊन त्यांच्या घराच्या पुढल्या दोन खोल्यांत दवाखाना थाटला, तेव्हा माझी समजूत झाली की त्या हातात काही व्यंग असावे. जागा पाहायला गेलो त्याच दिवशी मी विचारले.

"हाताला काय झालंय?"

"काही हुऊ नये म्हणून खिशात हाय," ते म्हणाले आणि डाव्या हाताने किल्ली फिरवून दार उघडले.

ते हळदीचे आडते होते. शेतकऱ्याचा माल पेठेतल्या आपल्या पेढीच्या अंगणात उतरवून घ्यायचा आणि खरेदीदारांना विकून द्यायचा, हा त्यांचा पिढीजात धंदा. सगळी पेठ त्यांना अण्णा म्हणे. मीही म्हणू लागलो. जैन कुटुंब, सूर्य मावळण्यापूर्वी जेवणे उरकलेली असत. घरात अण्णा, त्यांची थोरली विधवा बहीण आक्का आणि भावाचा मुलगा. लग्न त्यांनी केले नव्हते. कारण विचारण्याचे धाडस पेठेत कोणी केले नाही, मीही केले नाही.

हळदीचा सौदा त्या काळी बोलून होत नसे. माल ओतलेला असे. आडत्या गादीवर बसून उजवा हात पुढे करी आणि त्यावर रुमाल टाकला जाई. खरेदीदार एकेक करून पुढे येत, रुमालाखाली हात घालत आणि आडत्याची बोटे धरून आपला भाव सांगत. मोठा आकडा त्या दिवशी सगळ्यांना ठाऊकच असे. त्यावर किती चढवायचे ते बोटांनी ठरे. एक बोट धरले तर एक, दोन धरली तर दोन, सगळा पंजा धरला तर पाच. शेजारी बसलेल्यालाही आकडा कळत नसे. सगळ्यांचे हात होऊन गेले की आडत्या चढ्या भावाच्या खरेदीदाराचे नाव घेई आणि सौदा पक्का होई. हे सारे उजव्या हाताने. डाव्या हाताचा सौदा शेतकरी अशुभ मानत आणि खरेदीदार अपमान समजत.

रुमालाखाली साक्षीदार नसतो. आडत्याच्या बोटांना काय लागले ते त्याने खरे सांगायचे आणि शेतकऱ्याने मानायचे. या एका गोष्टीवर सगळा बाजार उभा होता. अण्णांचा उजवा हात खिशात का असे, ते मला पहिल्या हंगामात समजले.

ते आमटी निववून खात. ताटातली वाफ पूर्ण गेल्याशिवाय बोट बुडवत नसत.

"ह्याच्या हाताला एक पाळणा आणा आन् निजवा त्याला," आक्का म्हणत. "आमची चूल पेटून विझंल, पर ह्याचा घास काय निवायचा न्हाई."

"भाजलेल्या बोटाला भाव कळत न्हाई आक्का."

"भाव कळतो आन् चव कळत न्हाई. गार आमटी शेळ्या पितात."

अण्णा पुन्हा ताटाकडे वळत. बहिणीशी वाद घालणे हे त्यांच्या मते तोट्याचे काम होते.

माणसांना ते हळदीच्या प्रतवारीत बसवत. हळदीत जमिनीतला जाड कंद तो गड्डा आणि त्याला फुटलेले बोटासारखे ते हळकुंड. हळकुंडाला मान जास्त. माल उकडून, वाळवून मग पॉलिश करतात. अमका मामलेदार गड्डा, तमका मास्तर हळकुंड, असे त्यांचे निकाल दिवसभर चालत. एकदा एक नवे न्यायाधीश भेटीला येऊन गेले. मी मत विचारले. "पॉलिश बरं हाय," एवढेच म्हणाले. माझ्याविषयी त्यांनी पहिल्याच महिन्यात पुतण्याला सांगितले होते की डॉक्टर उकडायला जरा कमी पडलाय. वाळवणात टिकेल की नाही ते पुढे दिसेल. हे त्यांनी मला ऐकू येईल अशा आवाजात सांगितले होते.

हरिपूरला जमिनीखाली पेवे आहेत. खोल खोदलेले हौद. त्यांत हळद भरून तोंड मातीने लिंपतात. वर्षभराने तोंड उघडले की आत वाईट हवा साठलेली असते. कंदील सोडून पाहतात. तो विझला तर माणूस उतरत नाही. एका उन्हाळ्यात मी त्यांच्याबरोबर होतो. कंदील विझला. खरेदीदाराच्या गाड्या खोळंबल्या होत्या. एक हमाल म्हणाला, मी दम धरून उतरतो. अण्णा उठले आणि पेवाच्या तोंडावर, दोन्ही बाजूंनी हवा खेळेल अशी, आडवी फळी टाकून तिच्यावर मांडी घालून बसले.

"मी उठंन तवा पेव उघडंल," ते म्हणाले.

दुपार टळली तरी ते उठले नाहीत. गाड्या रिकाम्या गेल्या. मग त्यांनी फळी सरकवून पुन्हा कंदील सोडला. तो जळत राहिला, तेव्हा त्याच हमालाला म्हणाले, "उतर आता. तुझी बायको मला शिव्या देनार न्हाई."

अशा माणसाला महायुद्ध संपल्यानंतरच्या भाद्रपदात अर्धांगवायूचा झटका आला. सकाळी मोरीत तोंड धुताना ते खाली बसले आणि उठेनात. मी दवाखान्यातून धावत आत गेलो. तोंड वाकडे झाले होते. उजवा पाय आणि उजवा हात गेला होता. जीभ जड झाली होती, पण शुद्ध होती. डाव्या हाताने त्यांनी उजवा हात उचलून छातीवर ठेवला. तो घसरून पडला. त्यांनी तो पुन्हा ठेवला.

जीभ दिवाळीच्या आधी मोकळी झाली. पायही काठी घेऊन चालण्याइतका आला. हात आला नाही.

त्यांच्याकडे हमालांचा एक मुकादम होता. साताऱ्याकडचा गडी, तारुण्यात तालमीत घुमलेला. अण्णांवर त्याची अपार निष्ठा. त्याने मला न विचारता उपचार सुरू केले होते. रोज पहाटे कोमट तेलाने हात चोळायचा आणि मग मनगट धरून सगळ्या ताकदीनिशी ओढायचा. तालमीत आखडलेल्या हातावर हाच इलाज करतात. शिवाय अण्णांना अंथरुणातून उठवायचे झाले की तो त्याच हाताला धरून उठवी. मी हे पाहिले तोवर बरेच आठवडे लोटले होते. अण्णा वेदनेने पांढरे पडत होते आणि ओठ मिटून बसत होते.

"सोडा तो हात," मी म्हणालो.

"आवं डाक्टरसाहेब, वडल्याबिगर हात जागा कसा हुईल? नस आकसलीया."

"नस आकसलेली नाही. इकडे या. इथे बोट ठेवा."

मी त्याची बोटे अण्णांच्या खांद्याच्या टोकाखाली ठेवली. निरोगी माणसात तिथे गोल, भरीव हाड लागते. इथे खाच होती. तिच्यात माझी दोन बोटे बसत. दंडाचे हाड खांद्याच्या उथळ खोबणीत स्नायूंनी तोलून धरलेले असते. झटक्याने ते स्नायू लुळे पडतात. मग हाताचे सगळे ओझे सांध्याला लोंबकळत राहते आणि हाड खाली उतरते. त्यात कोणी ओढले तर उरलेसुरले बंधही सैल होतात. मी हे मुकादमाला शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितले.

त्याने खाचेत पुन्हा बोट दाबून पाहिले. "मंजी मीच खाली आनला व्हय?"

"काही अंशी."

"काय अंशी न्हाई," अण्णा पलंगावरून म्हणाले. "हात आपनहूनच पडला हुता. तू नुसता निरोप द्याया गेलतास. जा, गाड्या उतरून घे."

त्या दिवसापासून मुकादम त्यांना उठवताना पाठीमागून कमरेत धरू लागला. पण हात गळ्यातल्या झोळीत बांधून ठेवणे एवढाच उपाय माझ्यापाशी होता आणि तो मला पुरेसा वाटत नव्हता. झोळीत हात पोटाशी आखडतो. बोटे सुजत चालली होती. दुखणे कमी नव्हते.

उपाय मला साताऱ्यात सापडला. त्याचे श्रेय माझ्या बुद्धीला देण्यासारखे नाही. तिथे एक निवृत्त सुभेदार माझे जुने रोगी होते. त्यांच्या पायाच्या शिरा फुगत. त्यासाठी मी मुंबईहून रबरी धाग्याचे घट्ट मोजे मागवून दिले होते. संक्रांतीच्या सुमारास गेलो तेव्हा ते मोजे खुंटीला टांगलेले दिसले.

"घालत नाही का?"

"मेमसाहेबाचं काम हाय ते. पलटनीत कोनी बगितलं असतं तर पेन्शन बंद झालं असतं. घिऊन जा."

मी मोजे पिशवीत टाकले. परतीच्या मोटारीत ते चाळवत असताना विचार आला की घट्ट दाब पायाची सूज उतरवतो, तर हाताची का उतरवू नये. आणि लुळ्या स्नायूंभोवती बाहेरून आवळ असेल तर सांध्याला काही आधार मिळेल. पुस्तकात मी हे वाचलेले नव्हते. वाचलेले असते तर धाडस करताना इतके दिवस घेतले नसते.

मोज्याचा पंजा कापून बाही केली. पण नुसती बाही दंडावरून खाली घसरली असती. खांद्यावर टोपीसारखे बसेल असे जाड दोसुतीचे कापड लागणार होते. पुतण्याने माधवनगरच्या गिरणीतल्या ओळखीच्या माणसाकडून ते आणले. आक्कांनी शिवले. खांद्याच्या टोपीपासून एक पट्टा छातीवरून दुसऱ्या काखेखाली जाऊन पाठीवर बांधला जाई. आक्का टाके घालताना सारख्या पुटपुटत होत्या.

"आयुष्यात झबलं शिवायची येळ आली न्हाई ह्या घरात. आता साठीच्या पोराचं झबलं शिवतीया."

पहिली बाही चुकली. ती मनगटाशी संपत होती. दंड आवळला गेला आणि सगळी सूज खाली पंजात उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळी पंजा टम्म झाला होता. मी ती ताबडतोब काढून टाकली आणि दुसऱ्या मोज्याची नवी बाही पंजावरून बोटांच्या मुळांपर्यंत नेली. बोटेही झाकावी असे माझे मत होते. अण्णांनी नकार दिला.

"बोटं उघडी पायजेत."

"बोटांत सूज राहील."

"ऱ्हाऊ दे. झाकल्या बोटावर सौदा हुईत न्हाई."

त्यांच्या मनात काय आहे ते मला तेव्हा कळले. चैत्रात हंगामाचा मुहूर्ताचा सौदा असे. त्या गादीवर बसायचे असे त्यांनी ठरवले होते. पुतण्या हुशार होता, पण त्याचा हात नवा होता. शेतकरी आडवळणाने विचारू लागले होते की अण्णा बसणार का, आणि दोन मोठे शेतकरी माल दुसऱ्या आडतीवर नेण्याच्या विचारात होते. अण्णा बसले नसते तर पिढ्यांची पेढी ओसरली असती, हे खरे. पण मला वाटते, त्यांना पेढीपेक्षा हाताची काळजी जास्त होती. जो हात त्यांनी आयुष्यभर याच एका कामासाठी राखला, तो त्या कामाचा उरला आहे की नाही, हे त्यांना जाणून घ्यायचे होते.

बाहीने जे केले ते मी नोंदवतो. सूज आठवड्याभरात उतरू लागली. दुखणे निम्म्याहून कमी झाले. अण्णा रात्री झोपू लागले. बाही अंगात असताना खांद्याची खाच एका बोटाइतकी होई. काढली की पुन्हा वाढे. पुढे काढल्यावरही पूर्वीइतकी राहिली नाही. ते बाहीमुळे झाले की दिवस गेल्याने झाले, हे मी सांगू शकत नाही. एका रोग्यावरून सिद्धांत करू नये. बोटांत हालचाल आली नाही. कोपर थोडे वाकू लागले. एक गोष्ट त्यांनी स्वतः सांगितली ती मला महत्त्वाची वाटली.

"बाही न्हाई तवा हात कुठं पडलाय ते बगून कळतं. बाही घातली की न बगता कळतं. कुनीतरी धरल्यागत वाटतं."

ती बाही ते सदऱ्यावरून घालत. आत लपवायला त्यांना सांगून पाहिले, ऐकले नाही. पेठेत लोक वळून बघत. मुकादम विचारणाऱ्यांना सांगे, "अण्णांनी हाताला लंगोट चढिवलाय. आता कुस्ती हाय." अण्णांना ते आवडले असावे, कारण त्यांनी त्याला गप्प केले नाही.

बोटे हलत नसली तरी सौद्याला ती हलावी लागत नव्हती. आडत्याचा हात भाव देत नाही, घेतो. तो पुढे धरता यावा आणि बोटाला स्पर्श कळावा, एवढे पुरे होते. पहिल्याचे काम खांद्याचे. दुसऱ्याविषयी मी साशंक होतो. झटक्याने स्पर्शही मंदावला होता. टाचणी टोचलेली कळे. कोणते बोट ते कळेलच असे नव्हते.

माघ महिन्यात रोज दुपारी सराव सुरू झाला. अण्णा लोडावर मनगट टेकून हात पुढे करत, त्यावर रुमाल टाकत, आणि मुकादम आत हात घालून बोटे धरी.

"दोन."

"बराबर."

"चार."

"बराबर, अण्णा."

दवाखान्यात बसून हे शब्द मला ऐकू येत. चूक एकही होत नव्हती. आक्कांनी देवाला श्रीफळ वाहिले. पुतण्याने शेतकऱ्यांना निरोप पाठवले. मला आश्चर्य वाटत होते. एके दिवशी मुकादम वखारीत अडकला होता. मी आत जाऊन त्याच्या जागी बसलो. रुमालाखाली हात घातला आणि तीन बोटे धरली.

"दोन," अण्णा म्हणाले.

"तीन," मी म्हणालो.

ते माझ्याकडे पाहत राहिले. मी पुन्हा धरले. एक.

"एक."

"बरोबर."

चार धरली. ते तीन म्हणाले. मी चूक सांगितली. दोन धरली, ते दोन म्हणाले. तीन धरली, ते पुन्हा दोन म्हणाले. तिसरे बोट, म्हणजे करंगळीजवळचे, त्यांना लागत नव्हते.

अण्णांनी डाव्या हाताने रुमाल काढून घडी घातली. "मुकादमाला बोलवा."

मुकादम आला. दाराशी उभा राहिला. कोणी काही विचारण्याआधीच त्याने मान खाली घातली.

"किती चुकत हुतो?" अण्णांनी विचारले.

"लय न्हाई."

"किती?"

"तुमचं त्वांड बगवत न्हवतं अण्णा. तुमी आकडा सांगून माज्याकडं बगायचा, मला न्हाई म्हनवंना. आन् मला वाटलं, सरावानं यील."

"रुमालाखाली खोटं बोललास."

"व्हय."

"त्यापरीस हात वडत हुतास ते बरं हुतं," अण्णा म्हणाले. मुकादम रडेल असे वाटले. रडला नाही. अण्णांनी रुमाल त्याच्याकडे फेकला. "बस. पहिल्यापासनं सुरू कर. चुकलो तर चुकलो म्हन."

संध्याकाळी आक्का दवाखान्यात आल्या. कधी येत नसत.

"डॉक्टर, एक बोट खोटं बोलला असता तर तुमचं काय बिघडलं असतं?"

"माझं काही नाही."

"मग?"

"माल शेतकऱ्याचा आहे, आक्का."

"ह्या घराला भाडेकरू बी तसलाच मिळाला," म्हणून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशीपासून मला त्यांच्या घरून ताक येई ते बंद झाले. पाडव्यानंतर पुन्हा सुरू झाले.

खरा सराव तिथून पुढे झाला. दुपारी दारातून ऐकू येई. "तीन." "न्हाई अण्णा, चार." "पुन्हा." "तीन." "बराबर." मुकादमाच्या आवाजावरून कळे की 'न्हाई' म्हणणे त्याला किती जड जाते. हळूहळू 'न्हाई' विरळ झाले. फाल्गुन संपता संपता अख्ख्या दुपारी एकही चूक होईना, आणि या वेळी ते खरे होते. मी अधूनमधून स्वतः बसून पाहत होतो. पण माझी आणि मुकादमाची बोटे त्यांच्या हाताला सवयीची झाली होती. परक्या हाताचे काय, ते मला माहीत नव्हते.

मुहूर्ताच्या आदल्या दिवशी त्यांनी मला विचारले, "काय म्हनताय?"

"खांदा टिकेल. मनगटाखाली लोड घ्या, बाही सोडू नका. बोटांचं मी सांगू शकत नाही."

"न्हाई सांगू शकत म्हनालात, हेच बरं केलं," ते म्हणाले. मला त्या क्षणी पास केल्यासारखे वाटले.

सकाळी पेढीच्या अंगणात माल ओतला होता. पहिला मान कराडकडच्या एका शेतकऱ्याचा होता. फौजेतून हवालदार होऊन आलेला, खाकी कोट घातलेला. त्याच्या बापाचा मालही याच गादीवर विकला जाई.

"अण्णा, हात बरा हाय न्हवं?"

"बगू की आता."

"बगायचं काय त्यात? तुमच्या हातावर मी बैल बी सोडीन."

"बैल सोडू नगंस. बैल मला वळखत न्हाईत."

लोक हसले. अण्णा गादीवर बसले. मुकादमाने मनगटाखाली लोड सारला. बाही सदऱ्यावर स्पष्ट दिसत होती. खांद्याची दोसुतीची टोपी नीट बसली होती. अण्णांनी डाव्या हाताने उजवा हात पुढे आणला आणि तो राहिला. पुतण्याने रुमाल टाकला. मी खांबाला टेकून उभा होतो. माझी नजर खांद्यावर होती. तो ढळला नाही.

पहिला खरेदीदार आला. रुमालाखाली हात गेला, बाहेर आला. अण्णांनी मान हलवली. दुसरा आला. मान हलली. तिसरा, या मालाला शेवटचा, एक जाडजूड, अंगठ्या घातलेला व्यापारी होता. अण्णांशी त्याचे जुने वाकडे. त्याने हात घातला. अण्णांची मान हलली नाही.

"पुन्हा," ते म्हणाले.

अंगणात कुजबुज झाली. सौद्यात हात एकदाच बोलतो. पुन्हा मागणे म्हणजे आडत्याला कळले नाही असे कबूल करणे. व्यापाऱ्याने भुवई चढवली, पण पुन्हा हात दाबला.

अण्णांनी डोळे मिटले. कपाळावर घाम होता. मी पाहिले, खांदा तसाच होता. त्याच्याकडून तक्रार नव्हती.

"पुन्हा."

"आवं अण्णा, किती येळा? लगीन लावताय काय माझं?"

कोणी हसले नाही. व्यापाऱ्याने तिसऱ्यांदा बोटे धरली. तेव्हा अण्णांनी डाव्या हाताने रुमाल उचलला.

पेठेत कोणी हे पूर्वी पाहिले नव्हते. उघड्या उन्हात तो हात पडला होता. पंजापर्यंत बाही, पुढे फिकट, किंचित सुजलेली बोटे, आणि त्यांतली तीन त्या व्यापाऱ्याच्या मुठीत. अण्णा खाली वाकून बघत होते. त्यांनी डोळ्यांनी मोजली.

"तीन," ते म्हणाले. "मला दोन लागली हुती."

व्यापाऱ्याने हात झटकन मागे घेतला. "माझा भाव उघडा पाडलात तुमी."

"पाडला. चढा बी तुमचाच हाय. माल तुमचा." मग ते हवालदाराकडे वळले. "दोन धरून चाललो असतो तर माल दुसऱ्याला गेला असता. त्यानं बी दोनच दिली हुती, त्याचा हात आधी आला म्हनून मी त्याचं नाव घेतलं असतं."

"मंजी मला कमी आलं असतं?"

"आलं असतं. आनि तुला मरेस्तवर कळलं नसतं."

हवालदार उभा राहिला. त्याने कोटाचे बटण लावले आणि म्हणाला, "तुमी बसून ऱ्हावा की अण्णा. उघड्यावर हुऊ दे सौदा. आमची ना न्हाई."

मागून दोन खरेदीदार एकदम बोलले. उघड्यावर भाव सांगायचा तर बाजार कशाला म्हणायचा, असे एकाचे म्हणणे. त्याचे बरोबर होते. अण्णांनी त्याला अडवले नाही. त्यांनी रुमालाची घडी केली आणि पुतण्याच्या हातात दिली.

"बस."

"काका, पुढचा माल तरी..."

"बस म्हनतो न्हवं."

पुतण्या बसला. त्याने हात पुढे केला. मुकादमाने अण्णांना पाठीमागून कमरेत धरून उठवले. ते काठीवर तोल सावरत अंगणाबाहेर आले. पाठीमागे सौदे सुरू झाले. लोक पुन्हा एकेक करून रुमालाखाली हात घालू लागले.

टांगा दाराशी होता. मी त्यांना आत बसवले आणि सदऱ्याखालून बोट घालून खाच पाहिली. वीतभर कापडाने आणि सुभेदाराच्या मोज्याने आपले काम केले होते.

"कसा हाय?"

"एक बोट. सकाळी होती तेवढीच. खांदा पूर्ण वेळ टिकला."

मला जे वाटत होते ते मी बोलून टाकले. आयुष्यात मी असे फार बोललेलो नाही.

"इतक्या खटपटीचा उपयोग झाला नाही, अण्णा."

"का न्हाई? बाही नसती तर हात गादीवर गेला नसता. घरात बसून मेलो असतो आनि म्हनत ऱ्हायलो असतो, खांदा असता तर मी सौदा केला असता." त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. "तुमच्या खांद्यानं हात तिथवर नेला. पुढचं हाताला इचारायचं हुतं. इचारून झालं."

मग त्यांनी टांगेवाल्याला निघायला सांगितले.